कॅमेरा कोठे थबकतो?

दिवाळीच्या सुट्टीत भावाच्या घरी गेले असता भाचीने आपली चित्रवही माझ्यापुढे ठेवली. ती यंदा आठवीत आहे. वहीत चाळीसेक मुलींची चित्रे होती. हात सफाईदार, रेषेत भीती नाही. केस वाऱ्यावर उडणारे, डोळे अर्धा चेहरा व्यापणारे. दहा-बारा पाने उलटल्यावर मात्र ध्यानात आले, की या चाळीस मुली वस्तुतः एकच मुलगी आहे. तीच मुठीत मावणारी कंबर, तोच आखूड स्कर्ट, तीच मान वळवून मागे पाहण्याची लकब. मी सहज म्हटले, "आजीचं एक काढ की." आजी समोरच तांदूळ निवडत बसली होती. पाऊण तास खपून पोरीने चित्र पुरे केले : सोळा वर्षांच्या मुलीचा चेहरा, त्यावर पांढरे केस आणि ओठांच्या दोन्ही बाजूंना एकेक रेघ. तिचे तिलाही ते पटले नाही. वही मिटत म्हणाली, "आत्या, म्हातारी माणसं मला येतच नाहीत. मी बघते त्यात नसतातच ती."

जन्मापासून आजीच्या मांडीवर वाढलेल्या मुलीचे हे वाक्य आहे. ते माझ्या मनातून काही केल्या जाईना.

वहिनींचा निर्णय तेथल्या तेथे झाला होता. "वन्सं, ते जपानी कार्टून मी आता बंदच करणार. काय ते कपडे, काय ते चाळे!" त्यांच्या चिंतेत मी सहभागी आहे, उपायाशी मात्र सहमत नाही. घरातला टीव्ही बंद केला तरी मैत्रिणीचा मोबाईल बंद होत नाही, हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे : ज्या देशात ही चित्रे निपजतात, त्याच देशात स्त्रीची अत्यंत सन्मानाने रेखाटलेली रूपेही निपजली आहेत आणि सरसकट बंदीत ती आधी बुडतात. म्हणून या महिन्याचा मजकूर त्या निवडीसाठी.

ॲनिमे म्हणजे जपानी सचेतपट. नाव नवे वाटले तरी ओळख जुनी आहे. १९९०च्या दशकात दूरदर्शनवर जो मोगली पाहण्यासाठी आपण रविवारी सकाळी आंघोळी उरकून बसत होतो, तो जपानमध्येच तयार झालेला होता. निप्पॉन ॲनिमेशनची ती १९८९ची मालिका. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाज यांचे संगीत आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज लाभल्याने ती आपलीच वाटली. पुढे डोरेमॉन आला. 'तो तर लहान मुलांचा, त्यात काय पाहायचे?' असे म्हणून आपण निर्धास्त स्वयंपाकघरात गेलो. पण शिझुका स्नानगृहात असताना नोबिता 'चुकून' तेथे जाऊन पोहोचतो, हा त्या मालिकेतला वर्षानुवर्षे चाललेला विनोद आहे. शिझुका ही प्राथमिक शाळेतली मुलगी आहे. तात्पर्य, ज्या गोष्टीची आज आपण धास्ती घेतो, ती आपल्या दिवाणखान्यात बराच काळ हसत-खेळत वावरलेली आहे.

या प्रकाराला त्या क्षेत्रात 'फॅन सर्व्हिस' असे नाव आहे. कथेला गरज नसताना केवळ प्रेक्षकाची नजर सुखावण्यासाठी स्त्रीदेह दाखवणे, असा त्याचा अर्थ. यामागे व्यवहार आहे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कितीतरी मालिका जपानी दूरचित्रवाणीवर मध्यरात्रीच्या सुमारास दाखवल्या जाऊ लागल्या. त्यांचा खर्च भागायचा तो डिस्क, भित्तिचित्रे आणि नायिकांच्या छोट्या मूर्ती विकून. आणि हे सारे विकत घेणारा ग्राहक मुख्यतः तरुण पुरुष. त्याच्यासाठी मांडलेल्या दुकानात आज आपली तेरा वर्षांची मुलगी मोबाईलवरून थेट आत शिरते आणि भिंतीवर जे टांगलेले दिसते, त्यालाच जगाची रीत समजते.

मुलांना 'शोनेन', 'शोजो', 'सेइनेन' हे शब्द तोंडपाठ असतात. पालकांना वाटते की ही वयाची प्रमाणपत्रे असावीत. तसे नाही. मूळ चित्रकथा मुलांसाठीच्या मासिकात छापली, मुलींसाठीच्या की प्रौढ पुरुषांसाठीच्या, एवढेच त्यातून कळते. आत काय आहे त्याची हमी नाही.

कपड्यांच्या लांबीवरून निवाडा करण्याचा मोह होतो, तोही टाळावा असे मला वाटते. नुसत्या कपड्यांवरून नव्हे, तर भेदावरून परीक्षा करावी. सध्या मुलांमध्ये अतिशय लोकप्रिय असलेल्या 'डीमन स्लेयर' या मालिकेत राक्षसांशी लढणाऱ्या पथकाचे नऊ श्रेष्ठ योद्धे आहेत. त्यांना 'स्तंभ' म्हणतात. शत्रू एकच, पथकाचा गणवेशही एकच. शिनोबू ही त्यांतील एक स्त्री. तिचा गणवेश गळ्यापर्यंत बंद आहे आणि त्यामुळे तिचे शौर्य तसूभरही उणे होत नाही. मित्सुरी ही दुसरी. तिचा तोच गणवेश छातीवर उघडा आणि खाली आखूड. का? तर शिंपी चावट आहे, असा विनोद. मुलांना तो विनोद सांगून विचारावे, की हाच शिंपी उरलेल्या पुरुष स्तंभांना असा गणवेश का शिवत नाही? भाचीला मी हे विचारले. ती आधी हसली, मग गप्प झाली.

तेव्हा माझी कसोटी साधी आहे. मुलांसोबत पहिले दोन भाग बसून पाहावेत आणि स्त्री पडद्यावर आली की कॅमेरा कोठे थबकतो, याकडे लक्ष द्यावे. चेहऱ्यावर, तिच्या हातातल्या कामावर, की आणखी कोठे? आणि कथेत आई, आजी, मध्यमवयीन बाई अशी माणसे आहेत की नाहीत?

या कसोटीला पूर्णपणे उतरणारी आणि माझ्या मते घराघरांत पाहिली जावी अशी एक मालिका म्हणजे 'सेइरेइ नो मोरीबितो'. इंग्रजीत ती 'मोरीबितो : गार्डियन ऑफ द स्पिरिट' या नावाने मिळते. 'आत्म्याचा रक्षणकर्ता' असे मराठीत म्हणता येईल, पण येथे रक्षण करणारी स्त्री आहे. २००७ साली प्रॉडक्शन आय.जी. या संस्थेने केंजी कामियामा यांच्या दिग्दर्शनाखाली ती २६ भागांत सादर केली. मूळ कादंबरी १९९६ची, लेखिका नाहोको उएहाशी. या बाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. ऑस्ट्रेलियातील आदिवासींमध्ये त्यांनी संशोधन केले आहे. २०१४ साली त्यांना बालसाहित्यातला हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला.

नायिका बाल्सा. वय वर्षे तीस. आपल्याला यात नवल वाटणार नाही, परंतु जेथे नायिका बहुधा शाळेच्या गणवेशातच भेटते तेथे हे वय म्हणजे बंड आहे. ती भालाईत आहे. मोल घेऊन लोकांचे रक्षण करणे हा तिचा व्यवसाय. राजपुत्र चागुम याच्या देहात जलदेवतेचे अंडे वाढत आहे. हा कलंक समजून खुद्द सम्राटच मुलाला गुपचूप संपवू पाहतो. तेव्हा धाकटी राणी, मुलाची आई, बाल्साच्या पदरी त्याला घालते. तेथून पलायनाची कथा सुरू होते.

बाल्साचा झगा धुळीने माखलेला, केस मागे बांधलेले, हाताला घट्टे. २६ भागांत एकदाही कॅमेरा तिच्याकडे लोचटपणे पाहत नाही. तो पाहतो तिचा पवित्रा, पाऊल कोठे पडते, भाल्याचे टोक कोठे वळते. परंतु मला ही मालिका भावली ती आणखी एका कारणासाठी. बाल्सा लहान असताना तिचा प्राण वाचवण्यासाठी जिगुरो नावाच्या योद्ध्याने तिला घेऊन देश सोडला. पाठलागावर धाडलेले आठजण जिगुरोचेच मित्र होते. त्या आठांना त्याला मारावे लागले. आपल्या एका जीवापायी आठ जीव गेले, हे ओझे बाल्सा वाहते आहे. म्हणून तिने व्रत घेतले आहे, की आठ जीव वाचवीन. राजाच्या मारेकऱ्यांशी पहिली मोठी झुंज होते तेव्हा ती स्वतः गंभीर जखमी होते, पण त्यांच्यातला एकही मरू देत नाही. हात शस्त्रात इतका तयार असताना न मारणे किती कठीण, हे त्या प्रसंगात दिसते. पुढे एक संपूर्ण भाग लोहाराच्या भट्टीपाशी घडतो. भाला घडवण्यापूर्वी तो लोहार, शस्त्र कोणाच्या हाती आणि कशासाठी जाणार, यावर बोलत राहतो. तलवारीला तलवार भिडत नाही, नुसते बोलणे. आणि तरीही जागचे हलवत नाही. अहिंसा म्हणजे दुबळ्याची अगतिकता, असे म्हणणाऱ्या तरुणांना हा भाग अवश्य दाखवावा.

मालिकेचा मधला मोठा भाग मात्र लढाईविना आहे. बाल्सा आणि चागुम एका पाणचक्कीच्या घरात लपून राहतात. महालात वाढलेला मुलगा सामान्यांसारखे जगायला शिकतो आणि लढवय्यी बाई नकळत आई होत जाते. काहींना हा भाग संथ वाटेल. मला तोच सर्वांत मोलाचा वाटला. तांदा हा तिचा बालमित्र जडीबुटी जाणणारा वैद्य. तो जखमा शिवतो, रांधतो, तिची वाट पाहतो आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नाही. तोरोगाई नावाची वृद्ध मांत्रिकीण तर अविस्मरणीय. सुरकुतलेली, फटकळ, ज्ञानी, आणि दिसण्याची तिळमात्र पर्वा नसलेली. बारा वर्षांवरील मुलांनी पाहण्यास हरकत नाही; रक्त आहे, पण बीभत्सता नाही.

उएहाशी यांच्याच कादंबरीवरची 'केमोनो नो सोजा एरिन' ही २००९ची ५० भागांची मालिका आरंभी चित्रांच्या पुस्तकासारखी दिसते, म्हणून कोणी पाच वर्षांच्या मुलाला एकट्याला तिच्यापुढे बसवू नये. एरिनची आई युद्धासाठी पाळलेल्या अजस्र प्राण्यांची वैद्य आहे. ते प्राणी दगावतात आणि तिला मृत्युदंड होतो. लेकीला वाचवून आई जाते, तो प्रसंग पाहताना मी टीव्ही थांबवून पाणी प्यायले. पुढे एरिन एका मधपाळाच्या घरी वाढते आणि स्वतः प्राण्यांची वैद्य होते. शिट्टी वाजवून प्राण्याला ताठरवून टाकायचे आणि हवे तसे वापरायचे, ही तेथली रीत तिला मान्य नाही. मुक्या जीवावर सत्ता न गाजवता त्याच्याशी नाते जोडता येईल का, हा प्रश्न ती आयुष्यभर विचारते. असा प्रश्न विचारणारी नायिका आपल्या घरातल्या मुलींना परकी वाटू नये.

आता अगदी आजच्या काळातली, शाळकरी मुलींचीच, तरीही निर्मळ अशी एक मालिका. 'सोरा योरी मो तोओई बाशो', म्हणजे 'आकाशाहूनही दूरचे ठिकाण'. ही २०१८ची, अवघ्या १३ भागांची. दिग्दर्शिका अत्सुको इशिझुका. चार मुली अंटार्क्टिकाला जातात, एवढीच गोष्ट. त्यांतल्या शिरासेची आई तेथील मोहिमेवर गेली ती परतली नाही. मुलगी पडेल ती कामे करून दहा लाख येन साठवते. शाळेत सारे तिची टिंगल करतात. दुसरीने शाळा सोडली आहे, तिसरी बालकलाकार असल्याने तिला मैत्रीण नाही, आणि चौथीने आजवर काहीच धाडस केलेले नाही. फ्रीमँटलहून जहाज सुटते, समुद्र लागतो, उलट्या होतात, स्वयंपाकाची पाळी येते. स्कर्टांना वारा लागावा म्हणून येथे वारा वाहत नाही. तो खरोखरच दक्षिण ध्रुवाकडचा वारा आहे. बाराव्या भागात शिरासेला आईचा लॅपटॉप सापडतो. परवलीचा अंक म्हणून ती स्वतःची जन्मतारीख घालते, तो उघडतो आणि आई गेल्यावरही ती पाठवीत राहिलेली सारी पत्रे एकामागून एक तेथे येऊन पडू लागतात. न वाचलेली. त्यापुढचे मी सांगत नाही.

ही मालिका पाहिल्यावर मुलींना एक नाव जरूर सांगा : डॉ. अदिती पंत. नागपुरात जन्मलेल्या, औंधच्या पंत घराण्यातल्या या समुद्रवैज्ञानिक १९८३ साली निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला पोहोचल्या. सोबत भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. तेथे पाऊल ठेवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया. औंध आमच्यापासून दोन तासांच्या अंतरावर आहे, हे ऐकल्यावर भाचीने नकाशाच काढला.

लहानग्यांसाठी शोधाशोध करण्याची गरज नाही. १९७४ची ५२ भागांची 'हायडी' आजही ताजी आहे. दिग्दर्शन इसाओ ताकाहाता यांचे, दृश्यरचना पुढे जगप्रसिद्ध झालेल्या हायाओ मियाझाकी यांची. मालिकेसाठी ही मंडळी प्रत्यक्ष स्वित्झर्लंडला जाऊन डोंगर-कुरणे पाहून आली होती. ताकाहातांचीच १९७९ची 'आकागे नो ॲन' थोड्या मोठ्या मुलींसाठी. लालकेशी, बडबडी अनाथ ॲन आणि तिला सांभाळणारी करड्या शिस्तीची मरिला. या दोघींत मुरत जाणारे नाते ५० भागांत पाहायला मिळते. घाईच्या सवयीची मुले पहिले चार भाग कंटाळतील. कंटाळू द्यावे.

'नात्सुमे युजिनचो' ही २००८ साली सुरू झालेली मालिका मुलगे आणि मुली दोघांनीही पाहावी. एका एकाकी मुलाला आजीची वही मिळते. आजीने तरुणपणी अनेक अदृश्य जीवांना हरवून त्यांची नावे त्या वहीत बांधून ठेवलेली असतात. नातू ती नावे एकेक करून परत देत जातो. शांत, किंचित उदास, रात्री जेवणानंतर एक भाग पाहावा अशी.

अलीकडची 'फ्रीरेन' (२०२३, २८ भाग) मुलांनी आधीच पाहिली असेल. हजार वर्षे जगलेली जादूगार नायिका, सोबत्याच्या मृत्यूनंतर 'मी याला जाणून का घेतले नाही' म्हणून रडते, आणि त्या पश्चात्तापातून तिचा प्रवास सुरू होतो. विषय प्रगल्भ आहे. तथापि कपडे विरघळवणाऱ्या औषधाचा एक पोरकट विनोद आणि शरीरावरच्या एक-दोन शेरेबाज्या तिच्यातही आहेत. त्यासाठी मी ती नाकारणार नाही, पण ठाऊक असावे. 'द अपॉथेकरी डायरीज'बद्दल काही भगिनींनी विचारले आहे. नायिका माओमाओ हुशार, तिच्याकडे पाहण्याची दृष्टीही स्वच्छ. मात्र कथा राजाच्या अंतःपुरात आणि गणिकांच्या वस्तीत घडते. विषय आणि नजर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोळा वर्षांपुढच्या मुलीसोबत आईने बसून पाहावी आणि मोकळेपणाने बोलावे.

आहाराविषयी एक सूचना करणे भाग आहे. जपानी मालिकांत ताटात मासे-मांस सर्रास दिसते; अगदी सात्त्विक मालिकाही त्याला अपवाद नाहीत. मुलांना आधी सांगितले की ती बिचकत नाहीत. हिरोमु अराकावा या लेखिकेच्या कथेवरची 'गिन नो साजी' (२०१३) होक्काइदोतील शेतकी शाळेत घडते. त्यात एक मुलगा अशक्त डुकराच्या पिलाला लळा लावून वाढवतो, आणि ते कत्तलखान्यात जाणार हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असते. शेवटी तो त्याचे मांस विकत घेतो. आपल्याला हे पाहवणार नाही. तरीही नजरेआड होणाऱ्या हत्येकडे इतक्या प्रामाणिकपणे पाहणारी कथा मी क्वचितच पाहिली. मुलींनाही तेथे चिखलात राबणाऱ्या शेतकरी म्हणूनच रंगवले आहे. शिफारस करावी की करू नये, हे माझे मलाच ठरवता आलेले नाही.

भाचीसोबत आम्ही 'मोरीबितो' मोबाईलवर, एकमेकींशी फोन जोडून, रोज एक भाग असे पाहिले. मध्ये तिची घटक चाचणी आली, माझे पाहुणे आले, तरी दीड महिन्यात पुरे झाले. वहिनी सुरुवातीला पाठमोऱ्या बसून भाजी चिरत होत्या. सातव्या-आठव्या भागापासून खुर्ची वळवून बसू लागल्या.

गेल्या रविवारी तिने दोन चित्रे पाठवली. एक तोरोगाईचे, विस्कटलेल्या केसांचे. दुसऱ्यात चेहरा नव्हताच. फक्त सुपावर वाकलेले दोन हात, फुगलेल्या शिरा, वाकडी झालेली करंगळी आणि तांदळातून खडा वेचणारी चिमूट. मी लगेच फोन लावला. तो आजीनेच उचलला. "बघितलंस का?" त्या म्हणाल्या, "बोटं एवढी जाड आहेत होय माझी?" आणि मग जरा थांबून, "करंगळी मात्र बरोबर काढली आहे हो तिने."